रॅम १५०० : एअर सस्पेन्शनची उंची बसवणे (प्रकल्प नोंदी)

गाडी : रॅम १५०० पिकअप, २०१६, क्रू कॅब, ४×४, ५.७ लिटर हेमी इंजिन. व्हीलबेस १४०.५ इंच, म्हणजे ३,५६९ मिमी. टायर २७५/६० आर २०. चारही कोपऱ्यांवर कारखान्यातलंच एअर सस्पेन्शन (लोखंडी स्प्रिंगऐवजी हवेचे).
जागा : मिशिगन, न तापवलेलं बंद गॅरेज.
साधनं : अल्फाओबीडी (गाडीच्या संगणकांशी बोलणारं सॉफ्टवेअर, विंडोज लॅपटॉपवर), ओबीडीलिंक एमएक्स प्लस (लॅपटॉप गाडीशी जोडणारा अडॅप्टर), बॅटरी चार्जर, स्टीलची टेप, ओळंबा, पाण्याची पारदर्शक नळी, साबणाचं पाणी, घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड) चार.

शनिवार, ९ नोव्हेंबर २०२४

गाडी पुढून डावीकडे झुकलेली. डॅशवर इशारा नाही, सस्पेन्शनच्या मॉड्यूलमध्ये (उंची सांभाळणाऱ्या संगणकात) बिघाडाचा कोड नाही. पुढचा डावा एअर स्ट्रट (हवेचा स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र) गेल्या वर्षी दुसऱ्या एका गॅरेजात बदललेला. मालकाचं म्हणणं, "कॅलिब्रेट करून द्या, आणि जमलं तर पुढून २५ मिमी उचला."

उचलण्याचं नंतर बघू. आधी कॅलिब्रेशनबद्दल, कारण बहुतेक गोंधळ इथेच होतो. मॉड्यूलला गाडीची उंची दिसत नाही. त्याला दिसतो फक्त चार सेन्सरच्या दांड्यांचा कोन (प्रत्येक दांडी एका लिंकने चाकाच्या आर्मला जोडलेली). कॅलिब्रेशन करताना आपण त्याला एवढंच सांगतो की हा कोन म्हणजे टेपवर इतके मिमी. सेन्सर धरणारं ब्रॅकेट वाकलेलं असेल, तर वाकलेल्या ब्रॅकेटसकट तेच खरं म्हणून साठवलं जातं आणि कोडही येत नाही. म्हणून लॅपटॉप सगळ्यात शेवटी.

आज फक्त मापं घेतली. टायरमधली हवा दाराच्या चिठ्ठीप्रमाणे, हौदा रिकामा, इंधनाची टाकी पाऊण भरलेली. गाडी तीन मीटर मागे-पुढे करून मग थांबवली, हँडल सरळ. हे मागे-पुढे करणं टाळू नये. गाडी वर-खाली होते तेव्हा पुढची चाकं किंचित बाहेर-आत सरकतात. फरशीवर टायर चिकटून राहिला तर ते सरकणं अडतं आणि माप तीन-चार मिमीने खोटं येतं.

माप चाकाच्या मध्यबिंदूपासून मडगार्डच्या कडेपर्यंत, ओळंब्याच्या रेषेत. जमिनीपासून मोजलं तर टायरची झीज आणि हवा दोन्ही मापात शिरतात. मडगार्डवर कागदी चिकटपट्टी लावून पेन्सिलीने खूण केली, म्हणजे प्रत्येक वेळी टेप त्याच जागी लागते. लक्ष्याचा, म्हणजे असायला हव्या त्या उंचीचा, आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस माहितीतूनच घ्यावा. दुसऱ्या कुणाच्या गाडीचा आकडा उचलला की केबिन, व्हीलबेस आणि चाकं यांतला फरक अंगावर येतो. म्हणूनच या नोंदींत मूळ आकडे दिलेले नाहीत, फक्त लक्ष्यापासूनचा फरक दिला आहे (अधिक म्हणजे गाडी लक्ष्यापेक्षा वर, उणे म्हणजे खाली).

नॉर्मल, म्हणजे रोजच्या उंचीवर, टेपने (मिमी) :
पुढे डावा −१९, पुढे उजवा −३, मागे डावा +६, मागे उजवा +२.
त्याच क्षणी मॉड्यूलच्या मते :
पुढे डावा −२, पुढे उजवा −१, मागे डावा +५, मागे उजवा +१.

मागे डावीकडे टेप आणि मॉड्यूल सहमत आहेत, म्हणजे तिथे कॅलिब्रेशनचा प्रश्नच नाही; त्या +६ चं कारण दुसरं काहीतरी आहे. पुढे डावीकडे मात्र १७ मिमीची तफावत. मॉड्यूल समाधानी आहे आणि गाडी वाकडी उभी आहे. गळती असती तर मॉड्यूलला कोपरा खाली गेलेला कळला असता आणि त्याने हवा भरली असती. इथे त्याला कळतच नाहीये. संशय सेन्सर, त्याची लिंक किंवा ब्रॅकेट यांच्यावर.

तरी गळती तपासायचीच. डॅशच्या मेनूतून टायर-जॅक मोड चालू केला, म्हणजे रात्रीत मॉड्यूल स्वतःहून उंची दुरुस्त करणार नाही. तो चालू न करता रात्रभराचं माप घेतलं तर त्याला अर्थ नाही. इंजिन बंद झाल्यावरही ही गाडी थोडी हालचाल करते, आणि ते बिघाडाचं लक्षण नव्हे.

रविवार, १० नोव्हेंबर

चौदा तासांनी पाहिलं. काल संध्याकाळी गॅरेजात ६ अंश, आज पहाटे उणे २. कोपरे उतरले ३, ३, ४, ४ मिमी. वाहून न्यायचं वजन तेवढंच, म्हणून आतला दाब तेवढाच राहतो आणि थंडीने हवेचं आकारमान घटतं. ८ अंशांच्या फरकाला साधारण ३ टक्के. चारही कोपरे सारखे उतरले तर ती थंडी. एकच उतरला तर ती गळती. साबणाच्या पाण्याने चारही नळ्यांचे जोड आणि व्हॉल्व्ह ब्लॉक (कोपऱ्यांना हवा वाटणारा ठोकळा) पाहिले, बुडबुडा नाही.

ही बंद प्रणाली आहे. गाडी उतरताना हवा बाहेर सोडत नाही, हवेच्या टाकीत परत ढकलते. म्हणून आत ओलावा शिरू न देणं फार महत्त्वाचं. तो व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये गोठला की कडाक्याच्या थंडीत कोपरे अडकतात. नळी उघडायची वेळ आली तर नंतर कोरडा नायट्रोजनच भरायचा, टायरवाल्याकडची हवा नाही. इथे कोणतीही नळी उघडावी लागली नाही, हे बरं झालं.

शनिवार, १६ नोव्हेंबर

आज यांत्रिक काम. जॅक मोड चालू, फ्रेमखाली चार घोड्या, इग्निशन बंद. अडॅप्टर सॉकेटमधून काढलेला. खाली कुणी असताना सॉफ्टवेअर जोडलेलं ठेवायचंच नाही. नॉर्मलवरून चढ-उतार उंचीला (माणसांना चढता-उतरता यावं म्हणून असलेली सगळ्यात खालची) यायला गाडी ५१ मिमी खाली येते, आणि चाक व मडगार्ड यांच्यामध्ये हात असेल तर ५१ मिमी पुष्कळ झाले.

पुढच्या डाव्या सेन्सरचं ब्रॅकेट सापडलं. दुसऱ्या बाजूच्या ब्रॅकेटला पुठ्ठा लावून आकार उतरवून घेतला आणि तोच पुठ्ठा उलटा करून इकडे धरला. टोक ५ मिमीने फिरलेलं. स्ट्रट काढताना पहार टेकवली गेली असावी. सेन्सरची दांडी आखूड असते आणि गाडीची हालचाल तिच्यापर्यंत कमी होऊन पोचते, म्हणून ब्रॅकेटच्या टोकाला ५ मिमी म्हणजे मडगार्डला त्याच्या तिप्पट. नवीन ब्रॅकेट बसवलं.

त्याच स्ट्रटच्या कामातली दुसरी चूक : खालच्या आर्मच्या बुशचे (सांध्यातल्या रबराचे) बोल्ट चाक लटकतं असताना आवळलेले. ओळखायची खूण सोपी आहे. गाडी चाकांवर, जॅक मोड चालू, दोन्ही बोल्ट अर्धा फेरा सैल केले; कोपरा तिथल्या तिथे ४ मिमी खाली बसला. लटकत्या स्थितीत आवळलेला बुश नॉर्मल उंचीला पिळलेला राहतो आणि स्वतःच स्प्रिंगसारखा गाडी उचलून धरतो. मॉड्यूल उंची सांभाळत असल्यामुळे टेपवर हे दिसत नाही. त्या बाजूच्या एअर स्प्रिंगमध्ये दाब कमी राहतो, आणि बुशचं रबर लवकर फाटतं. बोल्ट सैल ठेवूनच गाडी थोडी मागे-पुढे केली, नॉर्मल उंचीला आणली आणि मग पुस्तकात दिलेल्या टॉर्कने आवळले. उंची बसवण्याआधी हे झालं नाही तर प्रत्येक खड्ड्यानंतर आकडा थोडा निराळा येतो.

ब्रॅकेट बदलल्यावर इंजिन चालू केलं. मॉड्यूलला कोपरा खाली असल्याचं आता दिसलं आणि त्याने स्वतःच हवा भरली. टेपवर पुढे डावा −४. म्हणजे १९ मधले १५ मिमी एका पत्र्याच्या तुकड्याचे होते.

आपण पहिल्याच दिवशी कॅलिब्रेट केलं असतं तर? नॉर्मलला गाडी सरळ उभी राहिली असती आणि काम झाल्यासारखं वाटलं असतं. पण दांडीचं टोक कमानीत फिरतं, सरळ रेषेत नाही. ती आपल्या मधल्या जागेपासून लांब गेली की एका अंशाला पडणारे मिमी बदलतात. नॉर्मलला शून्य चूक, पण सगळ्यात वरच्या ऑफ-रोड उंचीला हाच कोपरा बाकीच्यांपेक्षा वेगळा थांबला असता, आणि मग शोध भलतीकडेच सुरू झाला असता.

काम संपता संपता आणखी एक. इग्निशन चालू, इंजिन बंद, जॅक मोड. लाइव्ह आलेख लावून डावी लिंक दोन बोटांनी हलवली. आर्म हलत नसताना आलेखात ३ मिमी एवढी थरथर. लिंकच्या गोळीत खेळ आणि सेन्सरच्या शाफ्टमध्येही. मिशिगनच्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकतात. आठ वर्षांत गोळीचा गंज झालेला असणारच. सेन्सर आणि लिंक दोन्ही मागवले.

शनिवार, २३ नोव्हेंबर

नवीन सेन्सर, नवीन लिंक. कनेक्टरच्या खाचेत मीठ होतं, ते साफ करून डायइलेक्ट्रिक ग्रीसचा हलका हात दिला. बसवल्यावर मॉड्यूल म्हणतं ०, टेप म्हणते +९. हे अपेक्षितच. प्रत्येक सेन्सरचं शून्य थोडं निराळं असतं, म्हणून सेन्सर बदलला की कॅलिब्रेशन टळत नाही. आता मात्र ते खरंच लागणार.

त्याआधी मागच्या डाव्या बाजूचे +६. फरशी तपासली. इथे भारी लेझरची गरज नाही. गवंडी पाया बघताना वापरतो तीच पाण्याची पारदर्शक नळी. चार चाकांच्या जागी पट्ट्या उभ्या केल्या, नळीत रंगीत पाणी, बुडबुडे काढून टाकलेले. मागच्या डाव्या चाकाखाली फरशी ७ मिमी खोल. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते, तेव्हा यात आश्चर्य नाही. सरळ एका दिशेचा उतार असेल तर तो फारसा बाधत नाही. चौथा कोपरा बाकी तिघांच्या पातळीत नसणं बाधतं.

चाकाच्या मध्यापासून मोजलं की फरशीचा प्रश्न सुटला, असं अनेकजण समजतात. टायरचा सुटतो, फरशीचा नाही. चौरंगाचा एक पाय आखूड असेल तर तो डुगडुगतो, तिवई कधीच डुगडुगत नाही. गाडी चौरंग आहे. एका चाकाखाली खड्डा असेल तर ते चाक खाली लटकतं आणि वजन दुसऱ्या कर्णावर जातं. अशा वेळी मॉड्यूलकडून चारही उंच्या एकसारख्या करून घेतल्या तर टेपवर सगळं छान दिसेल, पण पुढचा डावा आणि मागचा उजवा जास्त दाबाने फुगलेले, उरलेले दोन अर्धवट. गाडी सपाट रस्त्यावर गेली की ती पिळवट बाहेर येते. अशी गाडी परत येते, आणि 'कॅलिब्रेशन टिकत नाही' अशी तक्रार घेऊन येते.

चाकाखाली ६ मिमीचा प्लायवूड आणि वर १ मिमीचा ॲल्युमिनियमचा पत्रा. प्रत्येक चाकाखाली दोन प्लास्टिक शीट, मध्ये ग्रीस, म्हणजे टायर मोकळेपणाने सरकेल. पुन्हा नळीने तपासलं, चारही जागा १ मिमीच्या आत. मागे डावा आता +१. त्या कोपऱ्यात बिघाड नव्हताच.

शनिवार, ३० नोव्हेंबर

कॅलिब्रेशन.

जोडणीबद्दल. अल्फाओबीडीत गाडीचं मॉडेल आणि वर्ष निवडून मग एअर सस्पेन्शनचं मॉड्यूल निवडायचं. स्वस्तातले नकली ईएलएम ३२७ अडॅप्टर वापरू नयेत. कोड वाचण्यापुरते ते चालतात, पण लांब, अनेक तुकड्यांत येणारे निरोप अर्धवट टाकतात, आणि लिहिण्याच्या कामात अर्धवट निरोप म्हणजे अडकलेली प्रक्रिया. २०१६च्या गाडीत सिक्युरिटी गेटवे (बाहेरून लिहिणं अडवणारं कुलूप) नाही, त्यामुळे नेहमीच्या सॉकेटमधून लिहिता येतं. २०१८पासूनच्या गाड्यांत तो आहे. तिथे बायपास केबल लागते, नाहीतर वाचता येईल पण लिहिता येणार नाही.

बॅटरीवर चार्जर लावला. व्होल्टेज १३च्या खाली जाऊ द्यायचं नाही. कॉम्प्रेसर सुरू होताना मोठा करंट खेचतो आणि कमजोर बॅटरीत नेमक्या त्याच वेळी संवाद तुटतो.

सुरुवातीलाच सगळे कोड आणि चारही उंचीची आत्ताची वाचनं फाइलमध्ये जपून ठेवली. परत फिरायचं झालं तर हाच आधार.

गॅरेजचं दार उघडं, एक्झॉस्टला नळी. गाडी दोनदा चढ-उतार उंचीला नेऊन परत नॉर्मलला आणली. तिसऱ्या वेळी मधेच थांबली. कारण लॅपटॉप घेऊन बसायला उघडलेलं दार. ही गाडी उतरत असताना कोणतंही दार उघडं असेल तर उतरणं तिथेच थांबतं. दार लावलं, लॅपटॉप बाहेर टेबलावर, ब्लूटूथने. पुढच्या फेरीत डॅशवर सस्पेन्शन थंड होत असल्याचा निरोप. सलग वर-खाली केल्याने कॉम्प्रेसर तापतो आणि स्वतःला थांबवतो. बिघाड समजून कोड शोधत बसू नये, वीस-पंचवीस मिनिटं चहा प्यावा.

माप नेहमी एकाच दिशेने येऊन घ्यावं. इथे खालून वर. वरून खाली येऊन थांबलेली गाडी बुशच्या घर्षणामुळे दोन-तीन मिमी वर राहते. तीन फेऱ्यांची सरासरी :
पुढे डावा +९, पुढे उजवा −३, मागे डावा +१, मागे उजवा +२.

एकच कोपरा बिघडलेला असला तरी चारही कोपऱ्यांचं कॅलिब्रेशन एकत्र केलं. एक कोपरा हलला की फ्रेम आणि अँटी-रोल बार (डावं-उजवं चाक जोडणारा दांडा) यांमधून बाकीचे तीनही थोडे हलतात.

प्रक्रिया सुरू केल्यावर सॉफ्टवेअर पायरी पायरीने नेतं. पडद्यावरची ओळ पूर्ण वाचूनच पुढचं बटण दाबावं. एकच जागा धोक्याची : ते विचारतं टेपवर आत्ता असलेली उंची. आपल्याला हवी असलेली नव्हे. तिथे लक्ष्याचा आकडा भरला तर आपण मॉड्यूलला "सगळं ठीक आहे" असं सांगतो, आणि +९ ची चूक कायमची साठवली जाते. आकडा भरण्याआधी टेप पुन्हा एकदा लावली. पुढे डावा, पुढे उजवा, मागे डावा, मागे उजवा, याच क्रमाने कागदावर लिहून मग टाइप केलं. डावं-उजवं उलट भरणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक आहे, कारण गाडीसमोर उभं राहिलं की चालकाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते.

साठवून झाल्यावर इग्निशन बंद, मिनिटभर थांबून पुन्हा इंजिन. मॉड्यूलने पुढचा डावा उतरवला, उजवा किंचित उचलला.

पुन्हा खालून वर, तीन फेऱ्या, मध्ये थंड व्हायला वेळ देऊन :
नॉर्मल : ०, −१, +१, ०.
ऑफ-रोड १, जो नॉर्मलच्या ३० मिमी वर असायला हवा : २९, २९, ३१, ३०.
ऑफ-रोड २, ५१ मिमी वर : ५०, ५०, ५२, ५१.
चढ-उतार, ५१ मिमी खाली : ५०, ५२, ५०, ५१.

डावा आणि उजवा प्रत्येक उंचीवर जवळ जवळ थांबतात, हे नुसत्या नॉर्मलच्या शून्यापेक्षा महत्त्वाचं. सेन्सर आणि ब्रॅकेट आपापल्या मूळ जागी आहेत, याचा तो पुरावा. वर जाताना आधी मागची बाजू आणि मग पुढची, उतरताना आधी पुढची; तेही बरोबर. समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर दिवे जाऊ नयेत म्हणून ही रचना आहे.

रविवार, १ डिसेंबर

पुढून २५ मिमी उचलण्याची मागणी. करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. आत्ताची उंची विचारली की खरी सांगण्याऐवजी २५ मिमी कमी सांगायची, मॉड्यूल तेवढी हवा भरतं. सेन्सरला वेगळ्या लांबीची लिंक लावून होतं तेच हे, फक्त पैसे न लागता.

केलं नाही. उचलली जाते ती फक्त नॉर्मल उंची नाही, पाचही उंच्या. ऑफ-रोड २ जुन्या नॉर्मलपासून ७६ मिमी वर जातो, स्ट्रट पूर्ण ताणून टोकाला धडकतो, पुढच्या अॅक्सलचे सांधे तिरपे फिरू लागतात. वेगात गाडी थोडी खाली बसवणारा एरो मोड नावापुरता उरतो. शिवाय प्रणाली बंद आहे, आत हवा मोजकीच. पुढचे स्प्रिंग कायम जास्त भरलेले ठेवले तर टाकीत शिल्लक कमी, आणि थंडीत सगळ्यात वरची उंची गाठताना मॉड्यूलला हवा पुरत नाही. मालकाला हे कागदावर लिहून दिलं.

शनिवार, ७ डिसेंबर

सुमारे १६० किमी चालल्यावर पुन्हा त्याच जागी, त्याच पत्र्यांवर माप : −१, −१, +१, ०. बुश बसल्यामुळे पुढे डावीकडे १ मिमीचा फरक, तो सोडून दिला. मॉड्यूलमध्ये कोड नाही.

व्हील अलाइनमेंट याच्यानंतरच, आणि मेनूतला अलाइनमेंट मोड चालू करून. नाहीतर रॅकवर चाकं सोडताच मॉड्यूल उंची बदलू लागतं आणि कॅम्बरचे (चाकाच्या उभ्या कलाचे) आकडे डोळ्यांदेखत सरकतात. उंची बदलली की टो (चाकाचा आत-बाहेर वळलेला कोन) बदलतोच, म्हणून आधी केलेली अलाइनमेंट वाया.

शेवटी दिवे. पुढची बाजू १० मिमीने उचलली गेली की ३,५६९ मिमी व्हीलबेसवर उजेड ७.६ मीटरवरच्या भिंतीवर २१ मिमी वर जातो आणि ५० मीटरवर १४० मिमी. इथे डावा कोपरा पहिल्या दिवसापेक्षा १८ मिमी वर आला आहे. भिंतीवर खुणा करून पाहिलं तर दोन्ही दिवे चढलेले. पूर्वी कुणीतरी गाडी झुकलेली असतानाच ते जुळवले असावेत. स्क्रूने खाली घेतले. मडगार्डवरच्या चिकटपट्ट्या काढल्या, पेन्सिलीची मापं गाडीच्या फाइलमध्ये लावली.